प्रतिनिधी आणि तोतया

रबराच्या झाडाच्या फिक्या लाकडाचे टेबल सागवानी रंगात रंगवले, तर त्यात काही खोटेपणा होतो का? प्रश्न सुताराच्या दुकानातला वाटतो, पण तो सत्याविषयीचा आहे. सत्य वस्तूच्या अंगी असते, की वस्तूविषयी कोणी जे सांगतो त्यात असते? वस्तूला नवे रूप देण्याचा माणसाचा अधिकार कुठवर जातो? लाकूड रंगवण्याचा व्यवहार या प्रश्नांना फार नेमके रूप देतो, कारण इथला रंग पूर्ण झाकत नाही आणि पूर्ण उघडेही ठेवत नाही. ऑइलपेंट खालचे सगळे लपवतो, तर निव्वळ पारदर्शक वॉर्निश बहुतेक सगळे दाखवते. स्टेन मात्र लाकडाच्या रेषा, गाठी आणि रंध्रे दिसू देतो आणि तरीही ते लाकूड भलतेच कुठले असल्याची समजूत करून देऊ शकतो. या लेखात मी असे मांडणार आहे की रंगवण्यात असत्य नाही. असत्य शिरते ते रंगाच्या आडून केलेल्या दाव्यातून, आणि असा दावा तोंडातून एक शब्द न काढताही करता येतो. म्हणून लाकडाला रंग देणाऱ्याची जबाबदारी रंग देऊन संपत नाही.

आधी या कामाची रीत पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. लाकडाला रंग देणारी द्रव्ये मुख्यतः दोन जातींची. पहिली भुकटीची: गेरू, पिवडी, अंबर, काजळी अशा भुकट्या तेलात किंवा दुसऱ्या माध्यमात कालवून लाकडावर चोळायच्या आणि जास्तीचा रंग फडक्याने पुसून काढायचा. हे कण विरघळत नाहीत, ते रंध्रांत आणि पॉलिश पेपरने उठलेल्या बारीक ओरखड्यांत जाऊन बसतात. दुसरी जात विरघळणाऱ्या रंगांची. ते पाण्यात, स्पिरिटमध्ये किंवा तेलात एकजीव होतात, तंतूंत शिरतात आणि पारदर्शक राहतात. भुकटीचा रंग रेषा ठळक करतो आणि उजेडात अधिक टिकतो, विरघळणारा रंग खोल उतरतो पण उन्हाने लवकर विटतो. दोन्हींत लाकडाचा वाटा मोठा असतो. पाइनचे लाकूड सगळीकडे सारखे घट्ट नसते, म्हणून त्यावर रंग डागाडागांनी चढतो. फळीच्या टोकाला तंतू आडवे कापलेले असतात, त्यामुळे ते टोक सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त रंग पिऊन काळवंडते. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी आणि त्याभोवतीचे रसकाष्ठ फिकट असते, तेव्हा एकाच फळीवर एकच द्रव्य लावले तरी दोन छटा उमटतात.

म्हणूनच जाणता कारागीर डब्यावरच्या नावावर विसंबून कामाला हात घालत नाही. तो त्याच लाकडाचा उरलेला तुकडा घेतो, त्याच नंबरच्या पॉलिश पेपरने घासतो, त्यावर रंग लावून वर तेच पॉलिश मारतो आणि मग ठरवतो. हे सगळे करावे लागते, कारण स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख स्वतःच मधाळ रंगाची असते आणि खालची छटा बदलून टाकते. फिकटाकडून गडदाकडे जाता येते, गडदाकडून फिकटाकडे परतणे जड जाते, म्हणून पहिला हात नेहमी हलका. तांबूसपणा वाढला तर किंचित हिरवी छटा घालून तो मारतात, रंग नारिंगीकडे झुकला तर निळसर छटा घालतात, पिवळा पुढे आला तर जांभळट. दुपारच्या उजेडात तंतोतंत जुळलेले दोन तुकडे रात्री दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, म्हणून जुळवणी दोन्ही उजेडांत तपासावी लागते. दोन वेगळ्या लाकडांना एकच द्रव्य लावले तर ती वेगळी दिसतात. ती एकसारखी दिसायची असतील तर प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे वेगळे मिश्रण द्यावे लागते. शेवटी डोळ्यांना दिसणारा रंग डब्यातल्या द्रव्याचा एकट्याचा नसतो. द्रव्य, लाकूड, पॉलिश आणि उजेड यांनी मिळून तो घडवलेला असतो.

आता आक्षेपाकडे येऊ. रंगवलेल्या लाकडाला खोटे म्हणणाऱ्याच्या मनात एक चित्र असते: खाली खरे रूप, वर खोटे रूप. हे चित्र आपल्या तत्त्वज्ञानात फार जुने आणि फार प्रतिष्ठित आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाची चर्चा केली, आणि तिथपासून शिंपल्यावर दिसणारी चांदी हा भ्रमाचा नमुनाच ठरला. दुसरा नमुना स्फटिकाचा: पांढऱ्या स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. पण रंगवलेले टेबल या दोन्ही नमुन्यांत बसवून पाहिले तर बसत नाही. शिंपला ओळखला की चांदी नाहीशी होते. टेबल रबराच्या लाकडाचे आहे हे कळल्यावर त्याचा तपकिरी रंग मात्र नाहीसा होत नाही, तो पूर्वीइतकाच दिसत राहतो. नाहीशी होते ती फक्त ‘हा साग आहे’ ही समजूत. स्फटिकाजवळचे फूल उचलले की तांबडेपणा जातो. लाकडातला रंग उचलून बाजूला ठेवता येत नाही, तो घालवायचा तर लाकडाचाच एक थर रंध्यावर किंवा पॉलिश पेपरवर जातो. म्हणजे या प्रकरणात चूक असलीच तर ती रंगात नाही, रंग पाहून केलेल्या निर्णयात आहे. नैयायिकांची भ्रमाची उपपत्ती इथे अधिक चपखल बसते. त्यांच्या मते भ्रमात दिसणारी चांदीही कुठेतरी खरी असते, फक्त ती इथे नसताना इथे जोडली जाते. सागही कुठेतरी खरा आहे आणि हा तपकिरी रंगही खरा आहे. या दोघांची इथे घातलेली सांगड तेवढी चुकीची आहे.

रंग बदलण्याविषयी न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनी वेगळाच, आणि माझ्या मते या विषयाला अधिक जवळचा, प्रश्न विचारला होता. कच्चे मडके भट्टीत काळपट जाते आणि तांबडे होऊन बाहेर येते. मग भट्टीत गेलेले आणि बाहेर आलेले मडके एकच का? वैशेषिकांचे उत्तर असे की उष्णतेने मडके परमाणूंपर्यंत विखुरते, परमाणूंचा जुना रंग जाऊन तिथे नवा रंग येतो आणि त्या परमाणूंचे मडके पुन्हा बनते. नैयायिकांना हे मान्य नव्हते. आपण तेच मडके ओळखतो, त्याचा आकार तोच राहतो, मग ते मधल्या वेळात नष्ट झाले असे का मानायचे? मडके सच्छिद्र असते, त्या छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि अखंड मडक्याचाच रंग पालटतो, असे त्यांनी म्हटले. या वादात दोन्ही पक्षांचे एका बाबतीत एकमत आहे, आणि मला महत्त्वाची वाटते ती तीच बाब. भाजलेल्या मडक्याचा तांबडेपणा त्या मडक्याचाच आहे. कच्च्या मातीचा काळपटपणा खरा आणि भट्टीतून आलेला तांबडेपणा उसना, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. वस्तूला नंतर मिळालेला गुणही तिचाच गुण होऊ शकतो, हा विचार त्यांना मुळीच अडचणीचा वाटला नाही.

रंगांच्या मिश्रणाचीही चर्चा या परंपरेत आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रंगाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत आपला तपकिरी, म्हणजे कपिश, आहेच, शिवाय ‘चित्र’ नावाचा एक स्वतंत्र रंगही आहे. त्यामागचा तर्क असा: निळ्या आणि पिवळ्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा, संपूर्ण वस्त्र म्हणून, रंग कोणता? त्याला रंगच नाही म्हटले तर ते डोळ्यांना दिसायला नको. निळा म्हटले तर पिवळ्याचे काय? म्हणून अवयवांच्या रंगांतून निपजलेला, अखंड वस्त्रात राहणारा एक नवा चित्ररंग मानायचा. रघुनाथ शिरोमणींनी हा वेगळा रंग नाकारला, त्यांच्या मते निरनिराळ्या भागांत निरनिराळे रंग मानले की पुरे होते. रंगवलेल्या फळीकडे भिंगातून पाहिले तर रंध्रांत गडद कण, तंतूंवर फिकी छटा आणि मधूनच लाकडाचा मूळ पिवळेपणा दिसतो. दुरून पाहिले की एकच तपकिरी. अन्नंभट्टाचे मानले तर तो एकच तपकिरी रंग फळीचा आहे, रघुनाथांचे मानले तर त्या सगळ्या छटा फळीच्या भागांच्या आहेत. कोणत्याही वाटेने गेले तरी रंगाचा आश्रय ती फळीच ठरते.

इथे एक चिवट आक्षेप येतो. मडक्याच्या मातीत खरोखर बदल झाला, लाकडाच्या रंध्रांत मात्र गेरूचे कण नुसते जाऊन बसले, त्यात लाकडाचे काय बदलले? हा तर दोन वस्तूंचा निव्वळ शेजार, स्फटिकाजवळच्या फुलासारखाच. आक्षेपात तथ्य आहे, कारण रंग आणि लाकूड यांच्या संबंधाला खरोखरच पायऱ्या आहेत. पेंट वर बसतो, भुकटी रंध्रांत बसते, विरघळलेला रंग तंतूंत मुरतो, आणि काही पद्धतींत लाकूड स्वतःच रंग निर्माण करते. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असते, त्याला अमोनियाची वाफ दिली की बाहेरून रंगाचा थेंबही न लावता ते गडद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीच्या फर्निचरसाठी ही पद्धत प्रसिद्ध होती. टॅनिन असलेल्या लाकडावर व्हिनेगरमध्ये लोखंड कुजवून केलेले पाणी फिरवले की ते काळे पडते. कलमकारीच्या कापडावर हिरड्याच्या आणि लोखंडाच्या संयोगातून जो काळा येतो, त्याच्यामागेही हीच क्रिया आहे. आता पाहा: लोखंडाच्या पाण्याने आतून काळे झालेले लाकूड आबनूस म्हणून सहज खपवता येते, आणि निळ्या ऑइलपेंटची खुर्ची कोणालाही फसवत नाही, कारण लाकूड मुळातच निळे असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. सर्वांत खोल गेलेला रंग सर्वांत मोठी फसवणूक करू शकतो, आणि सगळे झाकून टाकणारा रंग अगदी निरुपद्रवी असू शकतो. तेव्हा रंग किती खोल गेला यावरून त्याचा खरेपणा मोजता येणार नाही. ते माप दुसरीकडे शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावाने येतो: लाकडाला देवाने दिलेला रंग आहे, तो तसाच ठेवावा. यामागची श्रद्धा मला आदरणीय वाटते, पण त्या रंगाचा पत्ता सापडत नाही. ताजा कापलेला साग असमान, कुठे हिरवट तर कुठे गडद पट्ट्यांचा असतो. उजेडात राहून तो सोनेरी तपकिरी होतो आणि उघड्यावर ऊनपाऊस खात राहिला तर रुपेरी करडा. चेरीचे लाकूड काळानुसार गडद होते, अक्रोडाचे उजेडात फिके पडते. यांतला देवाने दिलेला रंग कोणता, कापल्या दिवशीचा की दहा वर्षांनंतरचा? नुसते तेल लावले तरी रेषा गडद होतात, म्हणजे रंग न देता लाकूड जपण्याचे उपायही रंग बदलतातच. अर्थात यावरून सगळे बदल सारखेच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ऊन कोणाला फसवण्यासाठी लाकूड फिके करत नाही. माणूस मात्र हेतू ठेवून रंग देतो, आणि हेतू आला की नीती आली. निसर्गाच्या आक्षेपातून उरते ते एवढेच, पण तेवढे पुष्कळ आहे: लाकडाचा रंग बदलणे गैर नाही, कशासाठी बदलला हे विचारणे मात्र योग्यच आहे.

हा प्रश्न आधुनिक काळात सर्वांत कडकपणे विचारला तो जॉन रस्किन या इंग्रज विचारवंताने. १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात त्याने एक पूर्ण प्रकरण सत्याला दिले आणि लाकडावर संगमरवराची नक्कल रंगवण्यासारख्या प्रकारांना सरळ कपट म्हटले. त्याचा रोख असा की अशी कामे पाहणाऱ्याला तर फसवतातच, शिवाय करणाऱ्याच्या मनातली सत्याची चाडही बोथट करतात. पण याच प्रकरणात त्याने सोन्याच्या मुलाम्याला सूट दिली आहे, आणि तिचे कारण मोलाचे आहे. इमारतीवरचा मुलामा कपट नाही, कारण तिथे कोणी त्याला भरीव सोने समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा कपट आहे, कारण तिथे तसे समजले जाते. गोव्याच्या से कॅथीड्रलमधली कोरीव लाकडी वेदी सोन्याने मढवलेली आहे. तिच्यापुढे गुडघे टेकणारा भाविक ती वेदी सोन्याची ओतीव आहे असे मानत नाही. म्हणजे रंगाविरुद्ध सर्वांत कठोर बोलणाऱ्या विचारवंतानेही शेवटी रंगाच्या थराला दोष दिला नाही, पाहणारा काय समजेल आणि त्याने काय समजावे अशी योजना आहे, यालाच कसोटी मानले. रस्किनच्या विचारांतून प्रेरणा घेतलेल्या कला-कारागिरी चळवळीतला स्टिकली ओकला अमोनियाची वाफ देत होता, यातही मला विसंगती दिसत नाही. गडद झालेला तो ओक ओक म्हणूनच विकला जात होता.

आता माप हाती येते. बाजारात रंग ही खूण असते. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे तसे गिऱ्हाईक सोनेरी तपकिरी रंग पाहून सागाचे अनुमान करते. तर्कशास्त्राच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी आहे, कारण जिथे जिथे तो रंग तिथे तिथे साग अशी व्याप्ती कुठेच नाही. जाणकार म्हणूनच रंगावर थांबत नाही. तो फळीचे टोक पाहतो, तिथल्या वाढीच्या वलयांत रंध्रांची रांग शोधतो, वजन जोखतो, वास घेतो. मग चूक गिऱ्हाइकाचीच नव्हे का? अनुमान सदोष होते हे खरे. पण गिऱ्हाईक हे अनुमान करणार हे ठाऊक असूनच ज्याने धूर उभा केला, तो जबाबदारीतून सुटत नाही. आणि हा दोष केवळ तत्त्वाचा नाही. सागात नैसर्गिक तेले असतात, वाळवी आणि ओल त्याला सहजी बाधत नाही. रबराच्या लाकडाला बुरशी आणि किडीपासून वाचवण्यासाठी बोरॉनची प्रक्रिया द्यावी लागते, आणि पावसात ठेवायला ते योग्य नाही. साग समजून कोणी ते ओट्यावर किंवा न्हाणीघराच्या दाराला वापरले, तर त्याच्या पैशाचे आणि विश्वासाचे एकदमच नुकसान होते. रंग टिकाऊपणाची हमी देत नाही, पण रंगामुळे ती हमी गृहीत धरली जाते.

‘आम्ही कुठे साग म्हटले?’ हा यावरचा नेहमीचा बचाव. डब्यावर टीक, वॉलनट, रोझवूड, महोगनी ही नावे असतात आणि ती फक्त छटांची नावे असतात. दुकानात ‘सागवानी फिनिश’ म्हणतात आणि तेही अक्षरशः बरोबर असते. पण अक्षरशः बरोबर असणे सत्याला पुरत नाही, हे महाभारताने आपल्याला फार पूर्वी शिकवले आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, म्हणजे युधिष्ठिराच्या शब्दांना वस्तुस्थितीचा आधार होता. तरी द्रोणाचार्यांनी काय समजावे हे त्या शब्दांमागे आधीच ठरलेले होते, आणि म्हणूनच भूमीला न टेकता चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला. महाकाव्याने दोष शब्दाला लावला नाही, ऐकणाऱ्याच्या मनात जे उभे राहावे अशी इच्छा होती तिला लावला. रंगाचे मौनही असेच. जिथे गिऱ्हाईक काही विशिष्ट समजणार हे स्पष्ट आहे आणि त्याच समजुतीवर किंमत ठरणार आहे, तिथे गप्प राहणे हेही सांगणेच असते. उलट, जिथे समजुतीचा प्रश्नच येत नाही तिथे मौनात दोष नाही. खेळण्याच्या लाकडी बैलाला तांबडा रंग देणाऱ्याने लाकूड कुठले हे कोणाला कळवायची गरज नाही.

एका वस्तूच्या जागी दुसरी वापरणे नेहमीच कमीपणाचे आहे, असा एक समज या सगळ्यामागे दडलेला असतो. आपल्या धर्मविचाराने तो कधीच मानला नाही. पूर्वमीमांसेत संस्कार म्हणजे वस्तूला कामासाठी योग्य बनवणे. यज्ञातला यूप हा झाड तोडून, तासून, अष्टकोनी करून, तूप माखून सिद्ध होतो. झाडाचे रूप पार बदलते, आणि तो खोटा झाला असे कोणी म्हणत नाही. त्याच मीमांसेत प्रतिनिधीची सविस्तर चर्चा आहे. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका घ्यावी, व्रीही मिळाले नाहीत तर नीवार घ्यावेत. प्रतिनिधी निवडताना साम्य पाहतात, कारण कर्म मूळ द्रव्याच्या शक्य तितके जवळ राहावे अशी इच्छा असते. पण पूतिका ही सोम होत नाही आणि यजमानापासून ते लपवलेही जात नाही. ती पूतिका आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि तरीही कर्म पुरे होते. दुसऱ्याच्या जागी बसण्याची एक आणखी तऱ्हा मराठी माणसाला इतिहासातून ठाऊक आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे लोक जमले, आणि शेवटी १७७६ साली त्याला देहदंड झाला. प्रतिनिधी आणि तोतया दोघेही दुसऱ्याच्या जागी उभे राहतात, दोघांनाही साम्य लागते. प्रतिनिधी स्वतःच्या नावाने उभा राहतो आणि तोतया दुसऱ्याच्या नावाने, एवढाच फरक आहे. रंगवलेल्या लाकडाविषयीचा सगळा नैतिक प्रश्न माझ्या मते या एका फरकात येतो.

ही कसोटी हाती असली की रंगवण्याच्या बाजूने मनमोकळेपणाने बोलता येते. साग आणि शिसव परवडणारी घरे थोडी आहेत. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांनी फिक्या, डागाळलेल्या लाकडावरच समाधान मानावे, नाहीतर त्यांच्या टेबलाला दांभिक म्हणावे, हा आग्रह सत्याच्या नावाखाली गरिबीची खूण कपाळावर मारण्यासारखा आहे. सौंदर्यावर कोणत्याही एका झाडाची मालकी नाही. जंगलाचाही प्रश्न आहे. शिसव ज्या डॅल्बर्जिया वंशातली, त्यातल्या सगळ्या जाती २०१७पासून साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहेत, कारण या लाकडाच्या मागणीने जगभर जंगले ओरबाडली. रबराचे झाड मात्र चिकासाठी लावलेले असते. साधारण पंचवीस-तीस वर्षांनी चीक आटला की ते तोडून नवे लावतात, आणि पूर्वी त्याचे बरेचसे लाकूड सरपणात जात असे. ते फिके आणि रंग चांगला घेणारे आहे. त्यावर तपकिरी छटा चढवून शिसवाचे एखादे झाड उभे राहत असेल, तर त्या रंगात धर्म आहे असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, मग साधे खोटे बोलून का होईना पण जंगल वाचू दे. पण प्रतिनिधीपणाने जे साधते त्यासाठी तोतयेगिरीची गरज काय? शिवाय रबराचे लाकूड शिसव म्हणून विकले की शिसवाची हाव तशीच राहते, उलट बाजारात शिसवाचे मोल आणखी वाढते.

जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत हा भेद प्रत्यक्ष नियम म्हणून स्वीकारला गेला आहे. वाड्याच्या तुळईचा कुजलेला भाग काढून नवा तुकडा बसवला, तर त्याचा रंग कसा ठेवायचा? तसाच कोरा ठेवला तर तो ठिगळासारखा डोळ्यांत खुपतो, आणि भोवतीच्या दोनशे वर्षांच्या लाकडाशी तंतोतंत एकरूप केला तर पुढच्या अभ्यासकाला कोणते जुने आणि कोणते आजचे हे कळत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत यासाठी तत्त्व घालून दिले आहे: बदललेला भाग एकूण वस्तूशी सुसंवादी असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. चित्रांच्या डागडुजीत इटलीत चेझारे ब्रांदीच्या विचारांतून उभ्या रेषांनी रंग भरण्याची पद्धत रूढ झाली. ती दुरून एकसंध दिसते आणि जवळ गेले की आपण नवे आहोत हे सांगते. सुसंवाद आणि ओळख यांत विरोध नाही, दोन्ही एकाच हाताला साधतात, हे या पद्धतीने करून दाखवले. रंग जुळवणाऱ्या कारागिराला यापेक्षा नेमका आदर्श सापडणार नाही. त्याने शेजारच्या लाकडाशी रंग जरूर जुळवावा, अगदी जीव ओतून जुळवावा, फक्त विचारणाऱ्याला उत्तर मिळेल अशी सोय ठेवावी. फळीच्या तळाला किंवा खणाच्या आतल्या बाजूला एक कोपरा न रंगवता ठेवला आणि बिलावर लाकडाचे खरे नाव लिहिले, तरी ती सोय होते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो प्रामाणिक कारागिराकडूनच येतो. खरे सांगितले की गिऱ्हाईक किंमत पाडते. काम तेच, हात तोच, रंग तितकाच सुंदर, पण ‘रबराचे लाकूड’ हे शब्द ऐकले की त्या सौंदर्याचे मोल निम्मे होते. मग सत्याचा दंड कारागिराने का भरावा? हा अन्याय खरा आहे. पण तो कुठून येतो हे पाहिले पाहिजे. सांगितल्यावर किंमत जेवढी उतरते, तेवढीच न सांगता जास्त घेतली जाणार होती. ती रक्कम कारागिरीची कधीच नव्हती, सागाच्या नावाची होती. आणि रबराच्या लाकडाला मोल का नाही? कारण जिथे जिथे ते सुंदर दिसले तिथे त्याचे श्रेय सागाने नेले, आणि जिथे ते फसले तिथे तेवढे ते रबराचे ठरले. प्रतिनिधी जोवर तोतयाच्या वेषात वावरतो, तोवर त्याच्या कर्तृत्वाची नोंद त्याच्या नावावर होत नाही. जे कारागीर आज लाकडाचे नाव सांगून रंगाचे दाम मागतात, ते स्वतःच्या सचोटीबरोबर त्या लाकडाची आणि रंग मिसळण्याच्या विद्येचीही प्रतिष्ठा राखतात. रंगाची किंमत रंग म्हणून मागायला लागणे हाच दंड थांबवण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे, आणि तो एकट्या कारागिराने चालायचा नाही. टेबल विकत घेणाऱ्यानेही लाकडाचे नाव विचारले पाहिजे, आणि खरे उत्तर मिळाल्यावर हाताच्या कामाचे दाम कमी करता कामा नये. सत्य सांगणाऱ्याला ते परवडेल अशी व्यवस्था करणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे.